टोचलेल्या मूलपेशी जातात कुठे?

मूलपेशी हा शब्द आता मुंबईच्या उपनगरांत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. बाळंतपणाच्या आधीच नाळेतलं रक्त साठवून ठेवण्याची गळ घातली जाते. गुडघे झिजलेल्या आजोबांसाठी नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात कुणीतरी जाहिरात टाकतं. मूल स्वमग्न असल्याचं कळून हादरलेल्या आईवडिलांना ‘एकदा स्टेम सेल करून बघा’ असा सल्ला शेजारीपाजारीसुद्धा देतात. मग खर्च विचारला जातो, किती वेळा टोचावं लागेल ते विचारलं जातं, त्रास होईल का हेही विचारलं जातं. पण टोचलेल्या पेशी शरीरात नेमक्या जातात कुठे, आणि तिथे पोहोचल्या हे डॉक्टरांना कळतं कसं, हे सहसा कुणी विचारत नाही.

हा प्रश्न फक्त शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा नाही. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांच्या हृदयाच्या धमनीत त्यांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी सोडल्या. त्यातल्या काही पेशींना किरणोत्सारी खूण लावलेली होती. तास-सव्वा तासाने पाहिलं, तर हृदयात उरल्या होत्या अवघ्या १.३ ते २.६ टक्के. बाकीच्या मुख्यतः यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसल्या होत्या. विशिष्ट प्रकारच्या पेशी वेचून दिल्या तेव्हा हे प्रमाण १४ ते ३९ टक्क्यांपर्यंत गेलं. म्हणजे काय टोचलं आणि कसं टोचलं यावर सगळं अवलंबून, आणि खूण लावली नसती तर हे कळलंच नसतं. हाताच्या शिरेतून दिलेल्या पेशींची कथा तर याहून वेगळी. त्यांतल्या बऱ्याचशा आधी फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांतच अडकतात, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून वारंवार दिसलं आहे.

पेशी हरवल्या, फुकट गेल्या, एवढ्यावर निभावलं तर नशीब. इस्रायलमधल्या एका मुलाला ‘अ‍ॅटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया’ हा दुर्मीळ आजार होता. २००१ पासून मॉस्कोमध्ये त्याच्या मेंदूत आणि मणक्यात गर्भातल्या मज्जापेशी अनेकदा टोचण्यात आल्या. चारेक वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि मणक्यात गाठी आढळल्या. तपासणीत कळलं, की गाठीतल्या पेशी त्या मुलाच्या नाहीतच, दात्यांच्या आहेत. हा अहवाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. टोचलेली पेशी ही गोळीसारखी विरघळून जाणारी वस्तू नाही. ती जिवंत आहे, ती वाढू शकते आणि जागा बदलू शकते. म्हणून तिच्यावर नजर ठेवण्याची सोय हवी.

किरणोत्सारी खूण काही तासांत, फार तर काही दिवसांत मावळते. आठवडे-महिने माग ठेवायचा तर वेगळं काहीतरी हवं, आणि तिथे चुंबकीय नॅनोकण येतात. लोहाच्या ऑक्साइडचा, साधारण पाच ते दहा नॅनोमीटरचा गाभा आणि त्यावर डेक्स्ट्रान नावाच्या शर्करेचं किंवा तशाच कशाचं तरी वेष्टन, अशी त्यांची रचना. आपला एक केस सुमारे ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज यावा. प्रयोगशाळेत मूलपेशींच्या बशीत हे कण सोडले की पेशी ते गिळतात. मग त्या पेशी शरीरात टोचल्या आणि रुग्णाला एमआरआयमध्ये घातलं, की जिथे त्या आहेत तिथे काळा ठिपका दिसतो. कण आजूबाजूच्या पाण्याचा सिग्नल पुसून टाकतात, म्हणून काळा. किरणोत्सर्ग नाही, क्ष-किरण नाहीत आणि एमआरआय यंत्रं तर आता घाटकोपर-मुलुंडच्या निदान केंद्रांतही आहेत.

हे ऐकल्यावर पहिली शंका येते ती लोहाची. शरीरात लोखंडाचे कण सोडायचे म्हणजे विषबाधा नाही का होणार? या शंकेचं उत्तर हिशेबाने देता येतं. खूण लावलेल्या एका पेशीत साधारण दहा ते तीस पिकोग्रॅम लोह असतं. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. वीस पिकोग्रॅम धरले आणि एक कोटी पेशी टोचल्या, तर एकूण लोह होतं ०.२ मिलिग्रॅम. एवढं लोह आपल्या अर्ध्या मिलिलिटरपेक्षाही कमी रक्तात असतं. प्रौढ माणसाच्या शरीरात एरवी तीन-चार ग्रॅम लोह असतंच. आणि रक्तक्षयासाठी गरोदर बाईला ‘आयर्न सुक्रोज’चं सलाइन लावतात, त्यात एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत लोह जातं, म्हणजे हजारपट. गंमत अशी, की ते औषधसुद्धा शर्करेत गुंडाळलेल्या लोहाचे अब्जांश आकाराचे कणच असतात. रचना आणि चुंबकत्व वेगळं, पण ‘नॅनो’ या शब्दाने दचकण्याचं कारण नाही. आपल्याकडच्या असंख्य बायकांनी ते नाव न ऐकता शिरेतून घेतलेलं आहे.

तेव्हा सगळ्या शरीराच्या दृष्टीने लोहाचं प्रमाण ही अडचण नाही. अडचण पेशीच्या पातळीवर आहे आणि ती कमी बोलली जाते. मला स्वतःला सुरक्षिततेची खरी चर्चा तिथेच सुरू होते असं वाटतं.

पेशीने गिळलेला कण तिच्या आतल्या एका आम्लयुक्त पिशवीत जातो. तिथे वेष्टन हळूहळू सुटतं, लोह विरघळतं. निरोगी पेशी ते लोह फेरिटिन नावाच्या प्रथिनात कोंडून ठेवते. कोंडून ठेवण्याआधी ते मोकळं राहिलं, तर पेशीतल्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याची गाठ पडते आणि त्यातून तयार होणारे आक्रमक रेणू डीएनए आणि पेशीची आवरणं खातात. किती कण घातले, वेष्टन कशाचं आहे आणि पेशी कोणती आहे, या तीन गोष्टींवर निकाल ठरतो. मूलपेशी एरवी नॅनोकण फारसे आवडीने गिळत नाहीत. म्हणून त्यांना कण घ्यायला लावणारं आणखी एक रसायन मिसळावं लागतं. म्हणजे ‘लोह-ऑक्साइड सुरक्षित आहे’ असं म्हणून भागत नाही. लोह, वेष्टन, मदतीचं रसायन आणि पेशी असं ते पूर्ण मिश्रण असतं.

याचं एक उदाहरण गुडघेदुखीवाल्या वाचकांना जवळचं वाटेल. २००४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी अस्थिमज्जेतल्या मूलपेशींना फेरुमॉक्साइड्स या कणांची खूण लावली. पेशी मेल्या नाहीत. चरबीच्या पेशी होण्याची त्यांची क्षमता शाबूत राहिली, हाडाच्या पेशी होण्याचीही. पण कूर्चा बनवण्याची क्षमता दबली. गुडघ्यात तर नेमकी कूर्चाच हवी असते! पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या दुसऱ्या गटाने तेच कण घेतले, पण मदतीचं रसायन बदलून प्रोटामाइन वापरलं, आणि त्यांना असा अडथळा दिसला नाही. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. सांगायचं एवढंच, की पेशी जिवंत आहेत का एवढं पाहून थांबणारी सुरक्षितता चाचणी अपुरी आहे. जे काम करायला पेशी पाठवली, ते काम ती खूण लावल्यावरही करते का, हे त्याच पेशीवर, त्याच मिश्रणात, त्याच मात्रेत तपासायला हवं. दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या पेशीवरचा निबंध दाखवून ते सिद्ध होत नाही.

आता दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते हा पहिल्यापेक्षाही धोक्याचा.

डबेवाल्यांच्या डब्यावर खूण असते. ती पाहून बोरिवलीहून निघालेला डबा नेमक्या इमारतीत, नेमक्या मजल्यावर पोहोचतो. पण त्या खुणेवरून डब्यातली भाजी आंबली आहे की ताजी, किंवा डबा मधेच कुणी खाऊन रिकामा केला का, हे कळत नाही. चुंबकीय खुणेचं तसंच आहे. टोचलेली मूलपेशी मेली, की शरीरातल्या भक्षक पेशी तिचा सांगाडा गिळतात आणि त्याबरोबर लोहाचे कणही. कण आता भक्षक पेशीत, पण जागा तीच. एमआरआयवर ठिपका तसाच दिसत राहतो. २००७ आणि २००८ मध्ये उंदरांच्या हृदयावर झालेल्या दोन वेगवेगळ्या प्रयोगांत हेच आढळलं. आठवड्यांनंतरही काळा डाग स्पष्ट होता, आणि ऊतीचे काप घेऊन पाहिलं तर लोह होतं भक्षक पेशींत. ज्या उंदरांच्या शरीराने परक्या पेशी नाकारून संपवल्या होत्या, त्यांच्याही हृदयात डाग होताच. उलटही घडतं. पेशी जिवंत राहून भराभर दुभागत गेली, तर प्रत्येक विभाजनात लोह निम्मं होतं आणि काही पिढ्यांत खूण पुसली जाते. म्हणजे मेलेली पेशी दिसते आणि वाढणारी दिसेनाशी होते. गाठ होण्याची भीती ज्या पेशीची, तीच आधी नजरेआड जाते. त्यात सुई टोचताना थोडा रक्तस्राव झाला, तर त्यातल्या लोहाचाही काळाच डाग पडतो.

मग ही खूण निरुपयोगी म्हणायची का? तसं मुळीच नाही. नेदरलँड्समधल्या नाइमेगेनच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये त्वचेच्या कर्करोगाच्या आठ रुग्णांवर केलेला अभ्यास पाहा. लसीसारख्या काम करणाऱ्या प्रतिकार पेशी थेट लसिका ग्रंथीत टोचायच्या होत्या. सोनोग्राफीवर पाहत, अनुभवी हातांनी टोचल्या. पेशींना लोहकणांची खूण होती म्हणून एमआरआय काढला, तर निम्म्या रुग्णांत पेशी ग्रंथीत नव्हत्याच, शेजारच्या चरबीत पडल्या होत्या. खूण नसती तर उपचारच निकामी आहे, असा निष्कर्ष निघाला असता. चूक उपचाराची नव्हती, सुईच्या टोकाची होती. ‘पेशी योग्य जागी पडली का’ या प्रश्नाचं उत्तर हे कण पहिल्या काही दिवसांत चोख देतात. ‘ती जगली का, कामाला लागली का’ या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नाही. काळ्या डागाचा फोटो दाखवून ‘बघा, पेशी रुजल्या’ असं कुणी सांगितलं, तर तो गैरसमज तरी आहे किंवा विक्री तरी.

कणांचा पुरवठा ही वेगळीच कटकट आहे. फेरुमॉक्साइड्स म्हणजे बाजारातलं ‘फेरिडेक्स’, अमेरिकेत १९९६ मध्ये यकृताच्या एमआरआयसाठी मान्य झालं होतं. पेशींना खूण लावणं हा त्याचा मान्य वापर कधीच नव्हता, संशोधक ते उसनं वापरत होते. २००८ मध्ये कंपनीने उत्पादन थांबवलं आणि जगभरचे प्रयोग अडकले. त्यानंतर अनेकांनी फेरुमॉक्सिटॉलकडे मोर्चा वळवला. हे मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तक्षयासाठी २००९ मध्ये मान्य झालेलं लोहाचं इंजेक्शन. २०१५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला, कारण शिरेतून देताना काही रुग्णांना जीवघेणी अ‍ॅलर्जी झाली होती. पेशीच्या आत बसलेल्या अत्यल्प मात्रेला तो इशारा जसाच्या तसा लागू होत नाही. पण औषध एका कामासाठी तपासलं, वापरलं दुसऱ्याच कामासाठी, असा हा सगळा कारभार आहे.

आपल्याकडचं काय? चुंबकीय कण बनवण्याचं ज्ञान उपनगरांतच आहे. पवईच्या आयआयटीत धीरेंद्र बहादूर यांच्या गटाने या कणांवर बरीच वर्षं काम केलं, एमआरआयमध्ये दिसतील असे मॅग्नेटाइटचे जलविद्राव्य पुंजके त्यांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर २००९ मध्येच प्रसिद्ध केले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही असे कण बनतात. आणि पेशींचा उपचार नियमाने कसा उभा करायचा, याचंही उदाहरण पवईतच आहे. टाटा मेमोरियल आणि आयआयटी यांच्या कामातून आलेल्या ‘नेक्सकार १९’ या कार-टी पेशी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. आधी प्रयोगशाळा, मग नोंदलेल्या चाचण्या, मग मान्यता, मग बिल, अशा क्रमाने ते झालं. वेळ लागला, पण होऊ शकतं हे दिसलं.

नियमही आहेत. नॅनो औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राने ऑक्टोबर २०१९ मध्ये काढली. मूलपेशींसाठी आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की रक्ताच्या काही आजारांतलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण आणि औषध नियंत्रकांनी मान्यता दिलेली मोजकी उत्पादनं वगळली, तर बाकी सगळं संशोधन आहे. ते मान्यताप्राप्त चाचणीतच व्हायला हवं आणि संशोधनाचा खर्च सहभागी रुग्णाकडून घ्यायचा नाही. स्वमग्नतेबाबत तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं, की या उपचाराची शिफारस करता येत नाही आणि तो देणं व्यावसायिक गैरवर्तन ठरेल.

आता यात विसंगती पाहा. एखाद्या प्रामाणिक संशोधकाने चाचणीत पेशींना लोहकणांची खूण लावायचं ठरवलं, तर नीतिमत्ता समिती त्याला कणांबद्दल शंभर प्रश्न विचारेल. विचारायलाच हवेत. पण जिथे चाचणीच नाही, समितीच नाही, तिथे खूण न लावलेल्या पेशी लाखो रुपये घेऊन टोचल्या जातात आणि त्या गेल्या कुठे हे कुणालाच माहीत नसतं. कणाच्या ०.२ मिलिग्रॅम लोहाची काळजी करायची आणि कोट्यवधी जिवंत पेशी बेपत्ता होतात त्याकडे काणाडोळा करायचा, हा कुठला न्याय?

एक आक्षेप मला रास्त वाटतो. खुणेमुळे रुग्णाचा स्वतःचा फायदा काहीच होत नाही, फायदा विज्ञानाचा होतो. मग लहान मुलाच्या मेंदूजवळ जाणाऱ्या पेशींत जास्तीचं लोह का घालायचं? मेंदूत साचलेलं लोह सहजी बाहेर पडत नाही, तेव्हा तिथे सावधगिरी जास्तच हवी. म्हणून माझं मत असं, की खूण सरसकट नको. मोठ्यांच्या, गुडघ्यासारख्या किंवा लसिका ग्रंथीसारख्या जागी होणाऱ्या चाचण्यांत, सहभागींपैकी थोड्यांमध्ये, पेशींच्या एका हिश्शालाच ती लावावी, आणि तिच्यासाठी वेगळी संमती मराठी-हिंदीत समजावून घ्यावी. कमी पेशींवर लावलेली खूणसुद्धा सुई कुठे पडली ते सांगते. त्या प्रयोगातून आलेलं ज्ञान मग खूण न लावलेल्या बाकीच्या रुग्णांनाही उपयोगी पडतं.

चाचणीत भाग घेण्याविषयी कुणी विचारलं, तर भारताच्या चाचणी नोंदवहीतला, म्हणजे सीटीआरआयचा, क्रमांक मागा. तो इंटरनेटवर कुणालाही पडताळता येतो. पैसे मागितले तर ती चाचणी नव्हे, हे तिथेच समजावं. आणि पेशींना खूण लावलेली असेल, तर तसं डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. कणाचं नाव, तारीख, टोचलेली जागा, सगळं. फेरुमॉक्सिटॉल शिरेतून दिल्यावर त्याचा एमआरआयवरचा परिणाम तीन महिन्यांपर्यंत राहू शकतो, असं त्याच्या माहितीपत्रकातच छापलेलं आहे. एका जागी टोचलेल्या पेशींचा डाग त्याहून जास्तही टिकू शकतो. सहा महिन्यांनी वेगळ्याच कारणासाठी बोरिवलीच्या एखाद्या केंद्रात एमआरआय काढावा लागला, तर तिथल्या रेडिओलॉजिस्टला त्या काळ्या ठिपक्याचा इतिहास माहीत नसेल. तो त्याला जुना रक्तस्राव समजेल आणि तुम्हाला पुढच्या तपासण्यांना पाठवेल.